आयबीएस ओळखायचा कसा आणि सांभाळायचा कसा: नव्याने निदान झालेल्यांसाठी

"रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेलं नाही." तीन वर्षांत हे वाक्य मी चार वेळा ऐकलं. चौथ्यांदा ऐकून बाहेर आले आणि जिन्यातच पोट धरून बसले, कारण मुरडा थांबतच नव्हता. काही झालेलं नाही, तर मग हे काय आहे? हे सांगणारं कोणी भेटेपर्यंत मी स्वतःच्या मनानेच गहू सोडला, दूध सोडलं, डाळी सोडल्या, माणसांत जाणं सोडलं आणि नऊ किलो वजन घालवून बसले.

पाचव्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं: इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, सगळे म्हणतात तो आयबीएस. चिठ्ठीवर एकच औषध लिहिलं आणि म्हणाले, "पुढच्या वेळी नवीन रिपोर्ट नकोत. चार आठवड्यांची वही घेऊन या." माझा उलगडा त्या वहीपासून सुरू झाला, म्हणून हा लेखही तिच्याभोवतीच फिरतो. मी डॉक्टर नाही. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या. पण त्यांच्यासमोर बसण्याआधी आणि तिथून घरी आल्यावर करायचं असं बरंच असतं, आणि ते सहसा कोणी बसून सांगत नाही.

१. आधी हा आजार काय आहे ते समजून घ्या

आयबीएसमध्ये आतड्याला जखम, सूज किंवा गाठ नसते. म्हणूनच दुर्बिणीत काही दिसत नाही. बिघाड असतो तो आतड्याच्या कामात: आतड्याची हालचाल कधी फार जलद, कधी फार मंद होते आणि आतड्याच्या नसा गरजेपेक्षा जास्त संवेदनशील झालेल्या असतात. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात छोटा फुगा ठेवून तो थोडा थोडा फुगवला. ६० मिलिलिटर हवेला निरोगी माणसांपैकी फक्त ६ टक्क्यांना दुखलं, आयबीएस असलेल्यांपैकी ५५ टक्क्यांना. गॅस तेवढाच, पण कळ वेगळी. "सगळ्यांनाच गॅस होतो, तू फार मनाला लावून घेतेस" असं कोणी म्हटलं की मला हा फुगा आठवतो.

हा आजार पुष्कळदा जंतुसंसर्गानंतर सुरू होतो. मे २००० मध्ये कॅनडातल्या वॉकर्टन या छोट्या गावात पिण्याच्या पाण्यात जंतू मिसळले आणि दोन हजारांहून जास्त लोक आजारी पडले. संशोधकांनी पुढे आठ वर्षं त्या लोकांचा मागोवा घेतला. संसर्ग केव्हाच गेला होता, तरी बऱ्याच जणांचा आयबीएस मागे राहिला होता. माझंही तसंच झालं. ताप आणि जुलाबांनी एक आठवडा अंथरुणावर काढला, आणि त्यानंतर पोट पूर्वीसारखं झालंच नाही. तुमच्या बाबतीत असं काही घडलं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. मला पहिल्या चौघांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

एक भीती इथेच काढून टाका: आयबीएसचा पुढे कॅन्सर होत नाही, आणि त्यामुळे आतडं झिजत किंवा सडतही नाही. त्रास मात्र खरा असतो, आणि बहुतेकांना तो कमी-जास्त होत वर्षानुवर्षं सोबत करतो.

२. तुमची लक्षणं जुळतात का पाहा

निदानासाठी जगभर जे निकष वापरतात त्यांना रोम निकष म्हणतात. त्यांची चौथी आवृत्ती २०१६ साली आली. त्यात मुख्य गोष्ट आहे पोटदुखी. गेले तीन महिने सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी पोट दुखलेलं असावं आणि त्यासोबत पुढच्यापैकी किमान दोन गोष्टी असाव्यात:

- दुखण्याचा शौचाशी संबंध असतो: शौचाला झाल्यावर कळ कमी होते किंवा वाढते.
- दुखणं सुरू झाल्यापासून शौचाला जाण्याच्या वेळा बदलल्या.
- शौचाचं स्वरूप बदललं: कडक झालं किंवा पातळ झालं.

शिवाय लक्षणांची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची असावी. नुसतं पोट फुगतं किंवा गॅस होतो, पण दुखत नाही, तर तो आयबीएस असेलच असं नाही. पोट डब्ब होणं, पोट साफ न झाल्यासारखं वाटत राहणं, शौचावाटे शेंब पडणं, अचानक घाईची लागणं ही लक्षणं आयबीएसमध्ये पुष्कळांना असतात, पण निदानाचा पाया पोटदुखीच.

पुढचा प्रश्न असा की तुमचा प्रकार कोणता. त्यासाठी ब्रिस्टल तक्ता लागतो. १९९७ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी तो प्रसिद्ध केला. त्यात शौचाचे सात प्रकार आहेत. प्रकार १ म्हणजे सुट्या, कडक लेंड्या. २ म्हणजे लांबट पण गाठीगाठींचा. ३ लांबट, वरून भेगाळलेला. ४ लांबट, मऊ, गुळगुळीत. ५ मऊ, सुटे तुकडे. ६ फाटका, लिबलिबीत. ७ म्हणजे निव्वळ पाणी. त्रासाच्या दिवसांत १ आणि २ जास्त असतील तर बद्धकोष्ठाचा आयबीएस, ६ आणि ७ जास्त असतील तर जुलाबाचा, दोन्ही आलटून पालटून असतील तर मिश्र. पुढचं औषध आणि आहार बराचसा यावरच ठरतो, म्हणून लाज बाजूला ठेवून भांड्यात वळून बघा आणि आकडा लिहा.

३. धोक्याच्या खुणा आधी तपासा

पुढच्यापैकी एक जरी गोष्ट असेल तर हा लेख इथेच थांबवा आणि डॉक्टरांना भेटा. हे आयबीएसचं लक्षण नाही, दुसरं काही शोधायला हवं.

- शौचातून रक्त पडणं किंवा शौच डांबरासारखं काळं होणं
- प्रयत्न न करता वजन घटणं
- पोटदुखी किंवा जुलाबांमुळे रात्री झोपेतून जाग येणं
- ताप येत राहणं, रक्तात हिमोग्लोबिन कमी असणं, पोटात गाठ हाताला लागणं
- पन्नाशीच्या आसपास किंवा नंतर पहिल्यांदाच त्रास सुरू होणं
- आई-वडील, भावंडं यांपैकी कोणाला आतड्याचा कॅन्सर, क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्याला सूज आणणारे आजार) किंवा सिलिअ‍ॅक आजार (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणं) असणं

पन्नाशी ओलांडलेल्या बायकांसाठी आणखी एक सांगते. पोट सतत फुगलेलं राहणं नव्यानेच सुरू झालं असेल तर त्याला आयबीएस समजून घरी बसू नका. अंडाशयाच्या कॅन्सरची सुरुवात अशा लक्षणांनी होऊ शकते, आणि त्याची तपासणी वेगळी असते.

आणि रक्त दिसलं तर "मूळव्याधच असेल" असं स्वतःच ठरवू नका. असेलही, पण ते बघणाऱ्याने बघून सांगू दे.

४. चार आठवड्यांची वही ठेवा

यासाठी फार काही लागत नाही: एक छोटी वही, पेन, ब्रिस्टल तक्त्याचा फोटो मोबाइलमध्ये. अ‍ॅप वापरलंत तरी चालेल. मला वही बरी पडली, कारण मोबाइल उघडला की मी दुसऱ्याच गोष्टीत शिरते.

रोज सात गोष्टी लिहा: काय खाल्लं आणि किती वाजता, किती घाईत खाल्लं, शौचाची वेळ आणि प्रकार, कळ (० ते १० पैकी किती आणि पोटात नेमकी कुठे), आदल्या रात्रीची झोप, दिवसातला ताण, आणि बायकांनी पाळीचा दिवस. पाळीच्या आधी आणि पाळीत आयबीएस बळावणं अगदी नेहमीचं आहे, पण लिहिल्याशिवाय ते लक्षात येत नाही.

माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं देते:

"मंगळवार. झोप ५ तास. पाळीचा दुसरा दिवस. ६.४० शौच, प्रकार ५. ७.१५ परत, प्रकार ६, घाई. सकाळी काही खाल्लं नाही. ११ पर्यंत कॉफी २ कप. १.३० भरपेट जेवण, दहा मिनिटांत उरकलं, कारण २ ला बैठक. १.५५ मुरडा, बेंबीखाली डावीकडे, ७. २.२० प्रकार ६, नंतर कळ ३."

त्या दिवशी मी जेवणातल्या डाळीखाली लाल रेघ मारली होती. चार आठवड्यांनी पानं शेजारी शेजारी ठेवली तेव्हा दिसलं की तीच डाळ तीन रविवारी खाल्ली होती आणि एकदाही त्रास झाला नव्हता. लाल रेघा होत्या त्या दिवशी मात्र दरवेळी उपाशी सकाळ, कॉफी, घाईचं भरपेट जेवण आणि अपुरी झोप, यांतल्या निदान तीन गोष्टी होत्याच.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण जवळजवळ सगळे इथेच चुकतात. जेवल्यावर पाऊण तासाच्या आत पळावं लागलं तर बाहेर पडलं ते आत्ताचं जेवण नसतं. ते तर अजून जठरातच असतं, मोठ्या आतड्याच्या टोकाला पोचायला त्याला साधारण एक दिवस किंवा जास्तच लागतो. जठर ताणलं गेलं की मोठ्या आतड्याला "जागा करा" असा इशारा जातो. हे प्रत्येक माणसात होतं, आयबीएसमध्ये तो इशारा फार जोरात जातो. म्हणजे पळायला लावणारी गोष्ट ताटातला पदार्थ नसून जेवणाचा आकार, तेल-तूप आणि खाण्याचा वेग असू शकते. पदार्थ आंबून होणारा त्रास सहसा काही तासांनी जाणवतो. म्हणून शेवटच्या घासाला दोष देऊन पदार्थ सोडत सुटू नका.

५. डॉक्टरांकडे तयारीने जा

सोबत घ्यायच्या गोष्टी:

- चार आठवड्यांची वही, आणि तिचा अर्ध्या पानाचा गोषवारा. वही पूर्ण वाचायला डॉक्टरांना वेळ नसतो, गोषवारा सगळे वाचतात.
- आधीचे सगळे रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावलेले.
- चालू औषधांची यादी, दुकानातून स्वतः आणलेली औषधं आणि घरगुती चूर्णंही धरून. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने आणि मॅग्नेशियम असलेल्या अ‍ॅसिडिटीच्या औषधांनी जुलाब होऊ शकतात. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम आणि काही वेदनाशामक औषधांनी बद्धकोष्ठ होतं.
- घरातल्या कोणाला आतड्याचे आजार असतील तर त्यांची नावं.
- वजनाची नोंद: सहा महिन्यांपूर्वीचं आणि आजचं. माझ्यासारखं खाणं सोडल्यामुळे वजन उतरलं असेल तर तेही स्पष्ट सांगा, नाहीतर शोध भलत्याच दिशेला जातो.

धोक्याच्या खुणा नसतील तर तपासण्या थोड्याच लागतात: रक्ताची साधी तपासणी, सूज दाखवणारी सीआरपी, सिलिअ‍ॅक आजारासाठी टीटीजी नावाची रक्ततपासणी आणि शौचातल्या कॅलप्रोटेक्टिनची तपासणी. शेवटच्या तपासणीने आतड्याला सूज आहे का ते कळतं. गरजेप्रमाणे थायरॉइड आणि शौचातल्या जंतूंची तपासणी होते. कोलोनोस्कोपी प्रत्येकाला लागत नाही.

आता सापळे. पहिला, आणि मी यात पडले होते: टीटीजी तपासणीच्या आधी गहू सोडू नका. गहू बंद असेल तर सिलिअ‍ॅक असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. मला सहा आठवडे परत गहू खाऊन तपासणी करावी लागली. दुसरा: रक्तातल्या आयजीजी नावाच्या प्रतिपिंडावरून शंभर-दोनशे पदार्थांची "अ‍ॅलर्जी" सांगणारे रिपोर्ट. आयजीजी वाढलेलं असणं म्हणजे तो पदार्थ तुम्ही खात आलात, एवढंच. त्यावरून पदार्थ सोडायला कोणतीही जबाबदार वैद्यकीय संस्था सांगत नाही. तिसरा: पोट दुखतं म्हणून पित्ताशय काढून टाकणं. आयबीएस असलेल्यांमध्ये ही शस्त्रक्रिया इतरांपेक्षा जास्त होते, आणि दुखण्याचं कारण आयबीएस असेल तर दुखणं तसंच राहतं. शस्त्रक्रिया सुचवली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

जुलाबाचा प्रकार असेल आणि कशानेच फरक पडत नसेल तर पित्तरसाच्या जुलाबांबद्दल विचारा. पित्तरस नीट शोषला गेला नाही की तो मोठ्या आतड्यात जाऊन जुलाब लावतो. त्यावर वेगळं औषध आहे. पित्ताशय काढलेलं असेल तर हे नक्की विचारा.

६. जेवण: आधी वेळ, मग पदार्थ

नेटवर आयबीएस शोधलं की पहिल्याच मिनिटाला वर्ज्य पदार्थांची यादी हातात पडते. तिला चार आठवडे हात लावू नका. आधी सवयी सुधारा:

ठरलेल्या वेळी जेवा, एखादं जेवण गाळू नका. एकदा भरपेट खाण्याऐवजी थोडं थोडं खा. निदान वीस मिनिटं बसून जेवा. चहा-कॉफी दिवसात तीन कपांवर जाऊ देऊ नका. तेलकट, फार तिखट आणि मद्य कमी करा. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेचा सल्लाही जवळपास हाच आहे. तिथे फळंही दिवसाला तीन वाट्यांच्या आसपास ठेवायला सांगतात, प्रत्येक वाटा सुमारे ८० ग्रॅमचा. बऱ्याच लोकांचं पोट एवढ्यावरच बरंच शांत होतं. माझी सकाळची पळापळ नुसत्या वेळेवरच्या नाश्त्याने आणि एका कॉफीने तीन आठवड्यांत निम्मी झाली.

त्यानंतरही त्रास असेल तर फोडमॅप. फोडमॅप म्हणजे लहान आतड्यात पूर्ण शोषले न जाणारे काही पिष्टमय आणि शर्करायुक्त घटक. ते पाणी ओढून घेतात, पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांना आंबवतात आणि गॅस होतो. आधी सांगितलेल्या फुग्याचा प्रयोग आठवला की पुढचं कळतं. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ पासून यावर आधारलेला आहार विकसित केला. या घटकांचे गट असे: कांदा, लसूण आणि गव्हातलं फ्रुक्टॅन, कडधान्यांतले गॅलॅक्टन, दुधातलं लॅक्टोज, मध, आंबा, सफरचंदातलं जास्तीचं फ्रुक्टोज, आणि काही फळं, मशरूम आणि बिनसाखरेच्या च्युइंगममधले पॉलिऑल. तांदूळ, बटाटा, गाजर, काकडी, अंडी, मासे हे सहसा सुरक्षित.

आहाराचे तीन टप्पे आहेत आणि तिन्ही करायचेच आहेत.

पहिला टप्पा, दोन ते सहा आठवडे: सगळे गट कमी करायचे. सहा आठवड्यांत काहीच फरक पडला नाही तर फोडमॅप तुमचं कारण नाही. आहार सोडून द्या, मनाला लावून घेऊ नका.

दुसरा टप्पा: एकेक गट परत आणून पाहायचा. हीच खरी परीक्षा. उदाहरणार्थ लॅक्टोजसाठी पहिल्या दिवशी पाव कप दूध, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी एक कप. बाकी आहार तोच. त्रास झाला तर थांबायचं, नाही झाला तरी तीन दिवस विश्रांती, मग पुढचा गट. एका वेळी एकच गट. कांदा आणि गहू एकाच आठवड्यात आणलेत तर पुन्हा काहीच कळणार नाही.

तिसरा टप्पा: जे पचतं ते सगळं ताटात परत, जे पचत नाही ते तुम्हाला झेपेल तेवढ्या प्रमाणात.

माझं उत्तर असं आलं: दूध पूर्ण चाललं. गव्हाचा एका वेळी थोडा भाग चालतो. कच्चा कांदा अजिबात नाही, शिजवलेला दोन चमच्यांपर्यंत. तीन वर्षं ज्या दुधाला मी घाबरले त्याचा माझ्या पोटाशी काही संबंध नव्हता.

दोन छोट्या गोष्टी कामाला येतात. फ्रुक्टॅन पाण्यात उतरतं, तेलात नाही. म्हणून लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या तर स्वाद राहतो आणि त्रास टळतो. आमटी किंवा सूपमध्ये मात्र ही युक्ती चालत नाही. दुसरं, घट्ट, किंचित कच्चं केळं बऱ्याच जणांना सोसतं, पूर्ण पिकलेलं सोसत नाही. त्यामुळे "केळं चालतं की नाही" या प्रश्नाला दोन माणसं दोन उत्तरं देतात आणि दोघंही खरी असतात.

मोठा सापळा: पहिल्याच टप्प्यात अडकून राहणं. बरं वाटतं, मग परत आणायची भीती वाटते. पण त्याने आतड्यातले उपयोगी जिवाणू कमी होतात, पोषण घटतं आणि माणसांसोबत जेवणं बंद पडतं. वजन आधीच कमी असेल, गरोदर असाल, रुग्ण लहान मूल असेल किंवा जेवणाच्या भीतीचा, खाणं टाळण्याचा आजार कधी झाला असेल तर हा आहार आहारतज्ज्ञांशिवाय करू नका. जमलं तर इतरांनीही त्यांच्या मदतीनेच करावा.

७. चोथा आणि शौचाची सवय

"चोथा वाढवा" हा सल्ला अर्धवट आहे. कोंड्यासारख्या न विरघळणाऱ्या चोथ्याने आयबीएसमध्ये गॅस आणि कळ वाढू शकते. विरघळणारा चोथा, विशेषतः इसबगोल, फायद्याचा. एका छोट्या चमच्याने सुरू करा, आठवड्याला थोडा वाढवा, प्रत्येक वेळी भरलेला पेला पाणी. पहिल्याच दिवशी दोन मोठे चमचे घेऊन पोट फुगलं आणि "इसबगोल मला चालत नाही" म्हणून सोडून दिलं, असं करणारे मी खूप पाहिलेत.

कमोडवर बसताना पायाखाली छोटं स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या. कुंथत बसू नका, मोबाइल आत नेऊ नका. नाश्त्यानंतरची वेळ मोकळी ठेवा, कारण जठराचा तो इशारा तेव्हा आपल्या कामाचा असतो.

८. औषधं: कोणतं कशासाठी

सगळी लक्षणं घालवणारी एक गोळी नाही. औषध लक्षणाप्रमाणे बदलतं, आणि हे समजलं की डॉक्टरांशी बोलणं सोपं जातं.

मुरड्यासाठी आतड्याचा पीळ सैल करणारी औषधं असतात: मेबेव्हेरिन, डायसायक्लोमिन, हायोसिन. पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूलही याच कामाच्या. त्या चावायच्या नाहीत, अख्ख्या गिळायच्या, नाहीतर छातीत जळजळ होते. जुलाबांसाठी लोपेरामाइड. ते वेग कमी करतं, कळ कमी करत नाही; ताप किंवा रक्त असेल तर घेऊ नका. बद्धकोष्ठासाठी मॅक्रोगोलची पावडर. लॅक्ट्युलोजने मात्र गॅस वाढतो, म्हणून आयबीएस आहे हे औषध लिहिणाऱ्याला सांगा. याने भागलं नाही तर लिनाक्लोटाइड, रिफॅक्सिमिन अशी पुढची औषधं आहेत, ती तज्ज्ञांनी ठरवायची.

प्रोबायोटिकचा उपयोग काहींना होतो. एकच प्रकार निवडा, चार ते बारा आठवडे घ्या, वहीत फरक दिसला नाही तर बंद करा. दर जुलाबाला स्वतःच्या मनाने अँटिबायोटिकचा कोर्स मात्र नको, त्याने आतड्यातला समतोल आणखी बिघडतो.

आता एका औषधाबद्दल जरा सविस्तर. मला रात्री १० मिलिग्रॅम अ‍ॅमिट्रिप्टिलिन दिलं. घरी येऊन माहितीपत्रक उघडलं तर त्यावर नैराश्याचं औषध असं लिहिलेलं. मी ती पट्टी कपाटात कपड्यांखाली ठेवून दिली आणि दोन महिने हात लावला नाही. डॉक्टरांनी मला वेडं ठरवलं असं वाटलं होतं. पुढच्या भेटीत त्यांनी शांतपणे समजावलं: नैराश्यासाठी याचा डोस कितीतरी जास्त असतो. इतक्या कमी डोसात ते आतड्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या वेदनेचे संदेश मंदावतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत १० ते ३० मिलिग्रॅम डोसाने आयबीएसच्या रुग्णांना खोट्या गोळीपेक्षा स्पष्ट फरक पडला. तोंड कोरडं पडतं, सकाळी थोडी गुंगी राहते, बद्धकोष्ठ असेल तर ते वाढू शकतं. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. तुम्हाला हे औषध सुचवलं गेलं तर नाव वाचून दुखावू नका, प्रश्न विचारा.

९. मन आणि आतडं

"टेन्शनमुळे होतं" हे वाक्य मला फार लागायचं, कारण त्यात "म्हणजे खरं नाही" असं गृहीत असायचं. आतडं आणि मेंदू यांच्यात नसांची दुहेरी वाहतूक आहे. ताणाने आतड्याची हालचाल बदलते, आणि दुखऱ्या आतड्याने मनाचा ताण वाढतो. ताण हा आजार नाही, पण दुखणं मोठं करणारं बटण तिथे असतं, आणि ते आपण थोडं कमी करू शकतो.

यावर उपचार आहेत. आतड्यावर केंद्रित केलेली संमोहन चिकित्सा १९८४ पासून अभ्यासली जाते, सुरुवात मँचेस्टरच्या डॉक्टरांनी केली. सीबीटी म्हणजे विचार आणि वागणुकीवर काम करणारं समुपदेशनही उपयोगी ठरलं आहे. दोन्ही मिळाली नाहीत तर रोज अर्धा तास चालणं, ठरलेली झोप आणि मुरडा आल्यावर पोटाने घेतलेले संथ श्वास, एवढ्यानेही फरक पडतो. मी चार आकडे श्वास घेते, सहा आकडे सोडते, पाच मिनिटं. कळ जात नाही, पण ७ ची ५ होते, आणि ५ मध्ये माणूस काम करू शकतो.

१०. घराबाहेर पडताना

छोटी पिशवी तयार ठेवा: टिश्यू, सॅनिटायझर, एक जोड आतले कपडे, डॉक्टरांनी दिलेलं मुरड्याचं औषध, पाण्याची बाटली. बहुतेक दिवशी ती उघडावीही लागत नाही. पण ती आहे म्हटल्यावर पोट कमी घाबरतं. प्रवासाच्या दिवशी उपाशी राहू नका, थोडं आणि ओळखीचं खा.

घरच्यांना आणि कामाच्या ठिकाणी एका माणसाला तरी सांगून ठेवा. मी बहिणीला इतकंच सांगितलं, "ताई, मी मध्येच उठून गेले तर मागे येऊ नकोस, वीस मिनिटांत येते." तेव्हापासून तिच्याकडे जाणं परत सुरू झालं.

११. पुन्हा डॉक्टरांकडे कधी

नवीन उपाय सुरू केल्यावर चार ते सहा आठवड्यांनी वही घेऊन भेटा. औषध आणि आहार एकाच दिवशी बदलू नका, म्हणजे कशाने फरक पडला ते सांगता येईल. आयबीएसचं निदान पक्कं असलं तरी या लेखाच्या तिसऱ्या भागातली एखादी धोक्याची खूण नव्याने दिसली, किंवा वर्षानुवर्षांचा त्रासाचा साचा अचानक बदलला, तर "माझा तर आयबीएसच आहे" म्हणून थांबू नका. आयबीएस असलेल्या माणसाला दुसरा आजारही होऊ शकतो. वहीच्या शेवटच्या पानावर त्या सहा खुणा लिहून ठेवा. माझ्या वहीत त्या आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या आहेत, आणि महिन्याच्या एक तारखेला मी त्यांच्यावरून एकदा बोट फिरवते.